स्टार वॉर्सच्या एवढ्या सिरीज, नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची?

सरळ मुद्द्यावर येते. स्टार वॉर्स नावाखाली ओटीटीवर जे काही साठलंय त्यातलं 'अँडॉर' पूर्ण आणि 'द मँडलोरियन'चे पहिले दोन सीझन, एवढ्यासाठी सुद्धा वर्षाचं सबस्क्रिप्शन वसूल आहे, डोळे झाकून घ्या. बाकीच्याबद्दल मात्र जरा बोलायला लागेल, कारण आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत आणि ऐरोलीच्या ऑफिसात मिळून कितीतरी जण मला विचारत असतात की अगं सुरुवात कुठून करू, आणि त्यातले निम्मे तरी भलतीकडेच सुरू करून दोन भागांत कंटाळून परत क्रिकेटकडे वळलेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गोष्टी चांगल्या आहेत हो, पण कुठली कोणासाठी बनवलीये हे कुणी सांगतच नाही.

ॲप उघडलं की सगळी पोस्टरं एका रांगेत. बाळ असलेलं पोस्टर, हेल्मेटवालं पोस्टर, कार्टून, जपानी ॲनिमे, जुने सिनेमे, नवे सिनेमे, सगळं शेजारी शेजारी आणि कुठलं आधीचं कुठलं नंतरचं, काय कळायला आधी काय बघितलेलं लागतं, यातलं काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. ज्याने १९७७ चा पहिला सिनेमा सुद्धा बघितला नाहीये तो माणूस यातलं जे चकचकीत दिसेल ते दाबणार आणि फसणार.

हे एवढं झालं कसं ते थोडक्यात सांगते. १९७७, १९८० आणि १९८३ असे तीन सिनेमे आले आणि मग थेट १९९९, म्हणजे मध्ये सोळा वर्षं या मालिकेचा नवीन सिनेमाच नाही. टीव्हीवर प्रयत्न तेव्हाही झाले होते, १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर एक हॉलिडे स्पेशल दाखवला, तो सपशेल फसला, पण बोबा फेट हे पात्र लोकांनी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं ते त्यातल्याच एका छोट्या कार्टूनमध्ये. मग २०१२ मध्ये डिस्नेने हे सिनेमे बनवणारी कंपनी लुकासफिल्म चारशे कोटी डॉलरच्या वर मोजून विकत घेतली आणि २०१५ ते २०१९ दरवर्षी एक सिनेमा काढला. त्यात २०१८ चा 'सोलो' आपटला आणि सगळी गाडी ओटीटीकडे वळली. जुन्या सिनेमांतल्या ओबी-वान केनोबी या पात्राचा खरं तर सिनेमा व्हायचा होता, त्याची सहा भागांची सिरीज केली. एकट्या २०२२ मध्ये बोबा फेटच्या सिरीजचे शेवटचे भाग, ओबी-वान, अँडॉर आणि वर एक ॲनिमेटेड मालिका. पूर्वी तीन वर्षं वाट बघायला लावायचे आणि आता श्वास घ्यायला वेळ नाही. ओटीटीवाल्याला ग्राहक दर महिन्याला धरून ठेवायचा असतो, सिनेमावाल्याला माणूस एकदा थिएटरात आणायचा असतो, त्यामुळे हे होणारच होतं. प्रश्न एवढाच की त्यात गोष्ट टिकते का.

'द मँडलोरियन'मध्ये टिकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस अमेरिकेत ज्या दिवशी सुरू झालं त्याच दिवशी याचा पहिला भाग आला. हे कुणालाही दाखवा, कुणालाही म्हणजे आमच्या सासूबाईंना सुद्धा, ज्यांचा संध्याकाळचा टीव्ही मराठी मालिकांसाठी राखीव असतो आणि ज्यांना जेडाय (गूढ शक्ती असलेले, लाइटसेबर म्हणजे प्रकाशाची तलवार चालवणारे योद्धे) म्हणजे काय याच्याशी काडीचं घेणंदेणं नाही. एक चिलखत घातलेला माणूस, पैसे घेऊन फरार लोकांना पकडून आणायचं काम करणारा, चेहरा दाखवत नाही, बोलतो जेमतेम. त्याला एक काम मिळतं, सावज पन्नास वर्षांचं आहे एवढंच सांगितलेलं असतं. पहिल्या भागाच्या शेवटी तो गोळीबार करत तिथे पोचतो, पाळणा उघडतो तर आत हिरवं, मोठ्या कानांचं बाळ. सोबतचा यंत्रमानव बाळावर बंदूक रोखतो, हा त्या यंत्रमानवालाच गोळी घालतो आणि मग एक बोट पुढे करतो, बाळ आपला हात वर करतं. बास, भाग संपला. यंत्रमानवाने बंदूक रोखली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं लहान आहे ते, त्याला कशाला मारायचं!" आणि पुढचा भाग लावायला त्यांनीच सांगितलं.

ते बाळ बहुतेक ठिकाणी खरीखुरी यांत्रिक बाहुली आहे, डोळे, कान, तोंड हलवायला मागे माणसं रिमोट घेऊन उभी असतात, आणि ते जाणवतं, समोरचा नट खऱ्या वस्तूकडे बघून काम करतोय हे कळतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. निर्माता जॉन फॅव्हरोच्या सांगण्यावरून डिस्नेने बाळाची खेळणी आधी बाजारात आणलीच नाहीत, कारण खेळण्यांमुळे गुपित फुटलं असतं. ख्रिसमसच्या तोंडावरचा धंदा सोडला, गोष्टीसाठी! या फ्रँचायझीने खेळण्यांवर किती पैसा केलाय ते माहीत असेल तर हे किती मोठं आहे ते लक्षात येईल.

तांत्रिक बाजू पण सांगायलाच हवी. पहिल्या सीझनचं बरंचसं शूटिंग कॅलिफोर्नियातल्या एका स्टुडिओत, साधारण २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाच्या गोलाकार एलईडी भिंतीच्या आत झालं. वाळवंट, बर्फ, सूर्यास्त सगळं त्या भिंतीवर, आणि कॅमेरा सरकला की मागचं दृश्य पण त्या हिशोबाने सरकतं. याचा खरा फायदा त्या चिलखतावर दिसतो, आकाशाचा उजेड त्या धातूवर खरोखर पडलेला असतो, हिरव्या पडद्यासमोर तेवढं जमत नाही. लुडविग गोरान्सनचं संगीत सुद्धा नुसता नेहमीचा मोठा ऑर्केस्ट्रा नाही, सुरुवातीलाच तो बासरीसारखा खर्जातला सूर येतो, बेस रेकॉर्डर म्हणतात त्या वाद्याला, आणि आमच्याकडे तो वाजला की स्वयंपाकघरातून माणसं बाहेर येतात. भागही अर्ध्या-पाऊण तासाचे. माझी एक मैत्रीण ठाणे-वाशी लोकलमध्ये बघते, ठाण्याला खिडकी मिळाली तर सानपाडा-वाशी येईपर्यंत एक छोटा भाग जवळजवळ होतोच, दिघा-ऐरोलीला डबा भरला तरी हेडफोन असले की चालून जातं.

आता जिथे गाडी घसरते तिथे येते. दुसऱ्या सीझनच्या शेवटाबद्दल बोलतेय, ज्यांना आधी कळायला नकोय त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जा. तर दुसऱ्या सीझनच्या शेवटी मँडो (तोच चिलखतवाला) आणि ग्रोगू, म्हणजे ते बाळ, यांची ताटातूट होते, आमच्या घरात डोळे पुसले गेले. आणि मग त्यांची भेट कुठे होते, तर 'द बुक ऑफ बोबा फेट' नावाच्या वेगळ्याच सिरीजमध्ये! ती सात भागांची, चार भाग बोबा फेट टॅटूईन ग्रहावर आपला कारभार बसवत असतो आणि पाचव्या भागात बोबा फेट दिसतच नाही, अख्खा भाग मँडोचा. सहाव्यात पण तेच, मुख्य पात्र नावालाच. सासूबाईंनी विचारलं, "हा महासंगम आहे का?" आणि मी हो म्हटलं, अगदी तेच आहे ते, आपल्याकडे दोन मालिकांची कुटुंबं एका लग्नाला नाहीतर गणपतीला एकत्र आणतात तसं. पण आपल्या महासंगमात एक शहाणपण असतं, तो आटोपला की दोन्ही मालिका आपापल्या वाटेला लागतात आणि एकच बघणाऱ्याचं काही अडत नाही. इथे अडतं. मार्च २०२३ मध्ये तिसरा सीझन सुरू झाला तर दोघं एकत्र, आणि ज्याने मधली सिरीज बघितली नाही तो माणूस विचारतोय की अरे हा परत आला कधी. माझ्या पुतण्याच्या वर्गातल्या पोरांचं पण हेच झालं होतं, "काकू, आमचा एक एपिसोड मिस झालाय का?" म्हणून विचारायला आली. एवढा जीव लावलेला प्रसंग, तो ज्या सिरीजने कमावला होता त्याच सिरीजमध्ये यायला हवा होता, याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

'असोका'चं दुखणं थोडं वेगळं. २०२३ ची आठ भागांची सिरीज, देखणी आहे, रे स्टीव्हन्सनचा बेलन स्कोल बघून तर मी थक्क झाले, त्या नटाचं सिरीज येण्याआधीच निधन झालं हे माहीत असल्यामुळे प्रत्येक प्रसंग अजूनच लागला. पण ही नावाला नवी सिरीज, खरं तर २०१४ ते २०१८ या काळातल्या 'रेबल्स' या ॲनिमेटेड मालिकेचा पुढचा भाग आहे. एझ्रा कोण, तो हरवला कसा, थ्रॉनला सगळे एवढे का घाबरतात, हे सगळं तिकडे घडून गेलंय. आणि असोका स्वतः आली २००८ च्या 'क्लोन वॉर्स'मध्ये, ती मालिका सात सीझनची, शंभराच्या वर भाग. ज्यांनी ते सगळं बघितलंय त्यांच्यासाठी 'असोका' म्हणजे दिवाळी, मी त्यातलीच आहे. पण त्यामुळेच सांगते, हिच्यापासून सुरुवात करू नका, आधी 'रेबल्स' बघा, कार्टून आहे म्हणून नाक मुरडू नका, पहिला सीझन लहान मुलांसारखा वाटेल पण दुसऱ्यापासून पकड घेते.

आणि आता 'अँडॉर'. यावर मी कितीही बोलू शकते.

यात जेडाय नाहीत, लाइटसेबर नाही, गोंडस बाळ नाही. टोनी गिलरॉयने बनवलेली, दोन सीझन, बारा-बारा भाग, २०२२ आणि २०२५. सगळ्या ग्रहांवर हुकूमत गाजवणाऱ्या साम्राज्याविरुद्धचं बंड साध्या माणसांत कसं पेटत जातं एवढीच गोष्ट. आणि साम्राज्य म्हणजे इथे काळ्या कपड्यातला एकच राक्षस नाही, साम्राज्य म्हणजे ऑफिस आहे. गुप्तचर खात्याच्या त्या पांढऱ्या खोलीतल्या मीटिंगा बघा, कुणाच्या हद्दीतली केस कुणी उचलली, कुणाचा आकडा कमी, बॉससमोर कोण कुणाला तोंडघशी पाडतंय, ऐरोली-महापेच्या कुठल्याही कंपनीत रिव्ह्यू मीटिंगला बसलेल्या माणसाला अंगावर काटा येईल. सिरिल नावाचा एक पोरगा आहे, नोकरी जाते आणि आईकडे राहायला येतो, नाश्त्याच्या टेबलावर त्याची आई त्याला ज्या पद्धतीने बोलते ना, ते प्रसंग कुठल्याही युद्धापेक्षा जास्त टोचतात.

पहिल्या सीझनमधला तुरुंग तर विसरताच येत नाही. कैदी अनवाणी, खाली धातूची फरशी, आणि त्या फरशीत शॉक सोडता येतो, म्हणून पहारेकरी फारसे लागतच नाहीत. टेबलाटेबलांत पैज, जे टेबल मागे पडेल त्याला शॉक, जे पुढे त्याच्या जेवणात चव. चव! एवढंच बक्षीस, आणि माणसं त्यासाठी जीव तोडून राबतात. अँडी सर्किस तिथला कैद्यांमधलाच मुकादम झालाय, त्याला आपली शिक्षा संपायचे दिवस तोंडपाठ आहेत, आणि तो विश्वास त्याच्या चेहऱ्यावरून कसा उतरत जातो ते बघा. ती माणसं तिथे दिवसभर कसले सुटे भाग जोडत होती ते सीझनच्या शेवटच्या भागात श्रेयनामावली संपल्यावर दाखवलंय, घाईत बंद करू नका.

फेरिक्स गावातली अंत्ययात्रा पण अशीच. त्या गावात माणूस गेला की त्याच्या राखेची वीट करतात आणि ती गावाच्या भिंतीत बसवतात. नायकाला वाढवणाऱ्या मार्वाची वीट हातात धरून तिच्या जवळचा एक जण चालतोय, पुढे गावचा बँड, वर मनोऱ्यात एक जण दोन हातोड्यांनी ऐरणीवर घण घालतोय, आणि गल्ल्यागल्ल्यांत साम्राज्याचे सैनिक तयारीत. आणि मग मार्वाच, आधी रेकॉर्ड करून ठेवलेली, गावाशी बोलते. फियोना शॉ आहे ती. मी हा भाग घरात सगळ्यांना दाखवला. हे गाव संगणकावरचं नाही, या सिरीजसाठी इंग्लंडमध्ये खरोखर बांधलं होतं, एलईडी भिंत पहिल्या सीझनला वापरलीच नाही, आणि विटांचा, गंजाचा, भिंतीवर टांगलेल्या कामगारांच्या हातमोज्यांचा जो खरेपणा येतो तो त्यामुळेच.

सुरुवातीला संथ आहे, हे मान्य करायलाच हवं. गोष्ट साधारण तीन-तीन भागांच्या गटांत बांधलीये त्यामुळे पहिला भाग एकटा बघून मत बनवू नका, शनिवारी रात्री जेवणं आटोपून पहिले तीन सलग लावा. लोकलमध्ये मोबाईलवर तर अजिबात बघू नका, निम्मे प्रसंग अंधारातले आहेत आणि संवादातला एकेक शब्द लागतो, सबटायटल चालू ठेवा. मूळ बेत पाच सीझनचा होता, मग गिलरॉय आणि मुख्य नट दिएगो लुना यांच्या लक्षात आलं की एवढी वर्षं पुरणं शक्य नाही, म्हणून उरलेली चार वर्षं दुसऱ्या सीझनमध्ये बसवली, दर तीन भागांनी एक वर्ष पुढे. त्यामुळे दुसऱ्या सीझनमध्ये काही माणसं मधल्या मधे निसटल्यासारखी वाटतात, पण घॉर्मन ग्रहावरचे भाग आणि त्यानंतरचं मॉन मॉथ्माचं, बंडाला छुपी मदत करणाऱ्या सिनेटरचं, सिनेटमधलं भाषण, त्याला तोड नाही. त्या भाषणाच्या भागालाच २०२५ मध्ये ड्रामा लेखनाचं एमी मिळालं, डॅन गिलरॉयला, आणि ते शंभर टक्के हक्काचं होतं. टोनी गिलरॉयने स्वतः सांगितलेला खर्च २४ भागांना सुमारे ६५ कोटी डॉलर. एवढा पैसा लावून कंपनीने लहान मुलांची खेळणी विकली जाणार नाहीत अशी सिरीज बनू दिली, याचं मला खरंच कौतुक वाटतं. स्टार वॉर्स वाढवायचं म्हणजे जुन्या पात्रांची आणखी नातवंडं-पतवंडं आणायची असं नाही, त्याच विश्वात वेगळ्या वयाच्या, वेगळ्या आवडीच्या माणसासाठी पूर्ण वेगळी गोष्ट सांगायची, हे 'अँडॉर'ने करून दाखवलं. ज्याने यापूर्वी काहीही बघितलेलं नाही त्यालाही ही कळते.

बाकीचं पटकन. 'द ॲकोलाइट' जून २०२४ मध्ये आली, आठ भाग, मारामाऱ्या सुंदर बसवलेल्या, पण दोनच महिन्यांत पुढचा सीझन नाही म्हणून जाहीर झालं आणि गोष्ट अर्ध्यावर लटकली, त्यामुळे मी कुणाला सुचवत नाही. 'स्केलेटन क्रू' मात्र लहान मुलांसाठी मस्त, चार पोरं एका जुन्या यानात बसून भरकटतात आणि घरी यायची वाट शोधतात, जूड लॉ आहे त्यात, आधी काहीही बघितलेलं लागत नाही. पुतण्याच्या टोळीने दोन दिवसांत संपवली. 'व्हिजन्स' म्हणजे वेगवेगळ्या स्टुडिओंच्या छोट्या ॲनिमेटेड गोष्टी, पहिला सीझन जपानी स्टुडिओंचा, दुसऱ्यात जगभरातले, आणि त्यात मुंबईच्या ८८ पिक्चर्सची 'द बँडिट्स ऑफ गोलाक' आहे. भाऊ-बहीण रेल्वेने पळतायत, आपल्यासारखी रेल्वे, आपल्यासारखा ढाबा, आणि मध्येच लाइटसेबर. छोटीशीच आहे, आवर्जून बघा, आपल्या मुंबईत बनलेलं काम त्या यादीत बघून मला फार भरून आलं. तरी ही गोष्ट माहीत असलेला माणूस मला ठाण्यात अजून भेटलेला नाही, कारण तीच, रांगेत कुठेतरी मागे पडलीये.

२०१९ च्या डिसेंबरनंतर स्टार वॉर्सचा पहिला सिनेमा म्हणून 'द मँडलोरियन अँड ग्रोगू' जाहीर झालाय, तारीख २२ मे २०२६. ओटीटीवरून उलटा थिएटरकडे प्रवास. माझी अपेक्षा एकच आहे, मॉलमधल्या थिएटरात पोरांना घेऊन आलेल्या, सिरीज न बघितलेल्या आईबापाला पण तो पहिल्या दहा मिनिटांत कळला पाहिजे. ते जमलं तर एवढी वर्षं टीव्हीवर घालवलेली कारणी लागली.

तोपर्यंत बघायचा क्रम सांगते. घरात लहान मुलं असतील तर 'स्केलेटन क्रू', मग 'मँडलोरियन'चे दोन सीझन, मग बोबा फेटचे फक्त शेवटचे तीन भाग, मग 'मँडलोरियन'चा तिसरा. मोठ्यांनी 'अँडॉर'. तिचा शेवटचा भाग जिथे संपतो तिथूनच २०१६ च्या 'रोग वन' या सिनेमाची मुख्य गोष्ट सुरू होते आणि तो संपतो तिथे १९७७ चा सिनेमा, त्यामुळे 'अँडॉर' संपवायला शुक्रवारची रात्र धरा, शनिवारी 'रोग वन' आणि रविवारी दुपारी जेवणानंतर सगळ्यांनी मिळून पहिला सिनेमा.